१९९७ ची मारुती ८००: गॅरेजवाले इंजिन खोलायचं म्हणतायत, खोलू का?

कराडकर_९७

नमस्कार मंडळी. घरची ८०० आहे, १९९७ ची, कार्ब्युरेटरवाली, चार गिअरची. वडिलांनी नवी घेतलेली, आता मी चालवतो, कराडात रोजची आणि अधूनमधून चिपळूणला सासुरवाडीला. आरसी २०२७ पर्यंत आहे, पत्रा बऱ्यापैकी शाबूत आहे.

त्रास असा की कुंभार्ली घाटात जिथं आरामात तिसऱ्यावर चढायची तिथं आता दुसरा टाकावा लागतोय, वरच्या वळणांपर्यंत टेम्परेचरचा काटा चढतो, सकाळी चालू केली की मागून निळा धूर येतो आणि थोड्या वेळानं जातो, ऑइल कमी होतं, स्लोला उभी असली की थरथरते. इथल्या एका गॅरेजात नेली तर त्यांनी दोनचारदा रेस दिली, धूर बघितला आणि म्हणाले इंजिन बसलंय, बोअर पिस्टन आणि हेडचं काम सगळं एकदमच करून घ्या. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले एवढा खर्च करण्यापेक्षा स्क्रॅपला द्या. गाडी द्यायची नाही हे घरात ठरलंय, पण इंजिन खरंच गेलंय का हे कसं कळणार? कुणाला अनुभव असेल तर सांगा, खर्च करायची तयारी आहे पण उगीच नको.

उद्यमनगरी

दादा, अजिबात खोलू नका, निदान आत्ता तरी. मी कोल्हापूरला उद्यमनगरात मशीन शॉपला होतो, बोअर मारायचंच, म्हणजे झिजलेला सिलेंडर आतून कापून मोठा करायचं काम करायचो, तेव्हा धंद्याच्या विरोधात जाऊन सांगतोय असं समजा. आमच्याकडं रिबोअरला आलेल्या ८०० आणि ओम्नीच्या ब्लॉकमधले कितीतरी असे असायचे की बोअर गेज लावलं की माप अजून हद्दीत. पण तोवर मालकानं इंजिन उतरवायची मजुरी दिलेली, मिस्त्रीनं पिस्टन मागवलेले, आता परत कोण जोडतंय म्हणून बोअर मारूनच न्यायचे. कंपनीत बसलेलं इंजिन एकदा खोललं की परत तसं जुळवायला फार चांगला हात लागतो, आणि तो प्रत्येक गॅरेजात असतोच असं नाही.

तुमच्या गाडीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलेंडरचं. चार सिलेंडरची गाडी एका सिलेंडरवर अशक्त झाली तरी ओढून नेते, इथं तिनातला एक मंद झाला की तिसरा हिस्सा ताकद गेली, म्हणून घाटात लगेच कळतं आणि स्लोला थरथर येते. आता तो एक मंद का झाला ते शोधायचं, म्हणजे करंट कमी मिळतोय का, पेट्रोल कमी मिळतंय का, का कॉम्प्रेशन कमी झालंय. रेस देऊन आणि धूर बघून यातलं काहीच कळत नाही.

पहिलं काम कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलेंडर किती दाब तयार करतो ते मोजायचं. इंजिन गरम करा, तिन्ही प्लग काढा, कॉइलची वायर काढून ठेवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलेंडरला गेज लावून सेल्फ मारा आणि तिन्हीचे आकडे लिहून घ्या. तिन्ही साधारण सारखे असले तर इंजिन सुखरूप आहे. एखादा बराच खाली असला तर त्या सिलेंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत गेज लावा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. अर्ध्या तासाचं काम आहे आणि ही टेस्ट केल्याशिवाय जो इंजिन खोलायला सांगतो त्याच्याकडं गाडी सोडू नका.

धुराबद्दल. सकाळी सुरुवातीला निळा येतो आणि नंतर जातो, हा बहुतेकवेळा व्हॉल्व्ह सीलचा धूर. रात्रभर उभ्या गाडीत वरचं ऑइल कडक झालेल्या सीलमधून हळूहळू खाली उतरतं आणि चालू केल्यावर जळतं. रिंगा गेलेल्या गाडीचा धूर दिवसभर असतो आणि चढाला भार पडला की वाढतो. घाटात आरशात निळं दिसतं का ते बघा.

पुणेरी_पाना

वर उद्यमनगरी काकांनी सांगितलंय त्याला पूर्ण अनुमोदन. भर घालतो.

ऑइल कमी होतंय म्हणजे जळतंयच असं नाही, गळत असेल. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा टाकून ठेवा आणि सकाळी डाग नेमके कुठं पडलेत बघा. या इंजिनच्या गळायच्या जागा ठरलेल्या आहेत, टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग, प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर जिथं बसतो तिथली रबरी ओ-रिंग, ऑइल प्रेशरचा स्विच आणि गिअरबॉक्सकडचं क्रँकचं ऑइल सील. पहिल्या तीन अगदी किरकोळ खर्चाच्या आहेत. शिवाय टॅपेट कव्हरवरून निघणारा ब्रीदर पाइप चोंदलाय का बघा, तो बंद झाला की आतला दाब बाहेर पडायला जागा राहत नाही आणि चांगल्या सीलमधूनसुद्धा ऑइल ढकललं जातं, बरेच जण सील बदलत राहतात आणि पाइप तसाच राहतो.

ऑइल घट्ट घाला म्हणून सल्ला देणारे भेटतील, धूर काही दिवस कमी दिसतो एवढंच, आणि नेमकं सकाळच्या पहिल्या मिनिटांत वर कॅमला ऑइल पोचायला उशीर लागतो. मॅन्युअलमधला ग्रेडच घाला.

घाटात ताकद कमी पडायला अजून एक कारण असतं ज्याकडे कुणीच बघत नाही ते म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं ॲडव्हान्स. त्याला एक गोल डबी असते आणि त्यातून कार्ब्युरेटरकडे बारीक रबरी नळी जाते. नळी कार्ब्युरेटरकडून काढून तोंडाने ओढून बघा, ओढून जीभ लावली की दाब टिकला पाहिजे, हवा येत राहिली तर आतला पडदा फाटलाय. मग ठिणगी वेळेवर पुढे सरकत नाही, गाडी जड वाटते, पेट्रोल जास्त खाते आणि गरमही होते. कॅप उघडून बघा, पॉइंटवाली असेल तर पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही बदला. कॅपला आतून बारीक तडा किंवा काळी रेघ दिसली तर कॅपही, पावसाळ्यात मिसिंग तिथूनच सुरू होतं. प्लगचं अंतर ०.७ ते ०.८ मिमी.

आणि थरथरीसाठी इंजिन माउंटिंगचे रबर विसरू नका, आपण कार्ब्युरेटरच्या मागे लागतो आणि रबर बसलेलं असतं.

मीरा_ठाणे

माझी ८०० २००६ ची, एमपीएफआय म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाली, त्यामुळे कार्ब्युरेटरचं मला फार माहीत नाही, पण एक प्रश्न सगळ्यांनाच विचारते, आता पंपावर सगळीकडे ई२० च (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतंय त्याचं काय? आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या जुन्या गाडीची पेट्रोलची नळी फुगून मऊ झाली होती, हाताला लागली आणि तिथूनच पेट्रोल यायला लागलं. मला तेव्हापासून धास्तीच बसली आहे.

पुणेरी_पाना

मीराताई, धास्ती योग्य जागी आहे. या गाड्या बनल्या तेव्हा २० टक्के इथेनॉल कुणाच्या डोक्यात नव्हतं. ८०० डिसेंबर १९८३ ला आली आणि जानेवारी २०१४ ला बनायची थांबली, ई२० ला चालणाऱ्या मटेरियलच्या गाड्या मुख्यतः २०२३ पासूनच्या. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. तेव्हा टाकीपासून इंजिनपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या, जायची आणि परतीची दोन्ही, एकदाच बदलून घ्या आणि घेताना इथेनॉलला चालणारी फ्यूएल होज मागा, दुकानदार पाण्याची नळी कापून देत असेल तर घेऊ नका. क्लिपाही नव्या. हा खर्च इंजिनाच्या खर्चापुढे काहीच नाही आणि गाडीला आग लागण्याचा प्रश्न आहे, यात काटकसर नको.

दुसरं, इथेनॉल पाणी ओढतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर त्यातलं पेट्रोल टाकीला आणि कार्ब्युरेटरला आतून खराब करतं. आठवड्यातून एकदा तरी नीट गरम होईपर्यंत चालवा, नुसती जागेवर चालू करून बंद करू नका.

तिसरं फक्त कार्ब्युरेटरवाल्यांसाठी. मीराताई, तुमच्या एमपीएफआय गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो, तो बघून कॉम्प्युटर पेट्रोल थोडंफार वाढवतो. कार्ब्युरेटरला कळायची काही सोयच नाही, जेटमधून जायचं तेवढंच जातं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण पातळ पडतं, पातळ मिश्रणाने घाटात ओढ कमी होते आणि इंजिन तापतं. म्हणून कराडकर, कार्ब्युरेटर साफ करून त्याचं किट घाला आणि ट्यूनिंग आत्ताच्या पेट्रोलवर नव्याने करून घ्या, दहा वर्षांपूर्वीच्या सेटिंगवर राहू नका.

सडक_सखा

सगळ्यांचा उत्साह चांगला आहे पण मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, मागच्या सीटला धड डोकं टेकायला आधार नाही. कुंभार्लीत समोरून ट्रक येत असताना मुलाबाळांना घेऊन २९ वर्षांची गाडी चालवायची म्हणजे मला तरी पटत नाही. जुनी वॅगनआर किंवा सेलेरिओ एअरबॅगवाली घ्यावी. शिवाय सरकारने फी वाढवली आहेच, २०२५ च्या ऑगस्टपासून २० वर्षांवरच्या मोटारीला आरसी रिन्यू करायला १०,००० रुपये झाले, १५ ते २० वर्षांच्या गाडीला ५,००० आहेत. त्यावर ग्रीन टॅक्स वेगळा आणि नंबर प्लेट पण नवी हाय सिक्युरिटीची.

कराडकर_९७

दादा राग कसला, बरोबर बोलताय. म्हणूनच घाटात आता मुलांना घेऊन जाताना मेहुण्याची गाडी घेतो, ही माझ्या एकट्यासाठी आणि गावातल्या कामाला. नंबर प्लेट बसवली आहे. १०,००० चं ऐकलं होतं, पाच वर्षांसाठी आहे म्हणजे वर्षाला २,००० पडतात, तेवढं मी देईन.

कॉम्प्रेशन टेस्ट करून देणारा मिस्त्री मलकापूर नाक्याकडं मिळाला. आकडे (पीएसआयमध्ये) असे, पहिला १५५, दुसरा १५०, तिसरा ११०. तिसऱ्यात ऑइल घालून परत लावलं तर ११५ च्या वर गेला नाही. घाटात मागं निळा धूर दिसला नाही, एकाला मागच्या गाडीतून बघायला लावलं होतं. आता काय?

उद्यमनगरी

हे बघा, आता बोलायला जागा झाली. ऑइल घालून आकडा चढला नाही म्हणजे तिसऱ्याच्या रिंगा आणि बोअरवर संशय नाही, आणि पहिल्या दोघांचे आकडे तर जवळजवळ सारखेच आहेत. बोअर पिस्टनचा विषय इथंच मिटला, ते पैसे वाचले तुमचे.

राहिलं व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. गॅसकेटसाठी सोपं बघा, इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं टोपण काढून गाडी चालू करा आणि पाण्यात बुडबुडे सतत येतायत का बघा. पाणी कमी होत नसेल, ऑइलच्या टोपणाला आतून पांढरा साय-साय थर नसेल, बुडबुडे नसतील तर गॅसकेट चांगलं आहे.

मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधला गॅप. आणि इथं माझा अंदाज आहे की तुमचं दुखणं सापडेल. लोकांना वाटतं टॅपेटचा खटखट आवाज आला म्हणजे बिघडलं आणि आवाज नाही म्हणजे उत्तम. आवाज करणारं टॅपेट इंजिनाला फारसं मारत नाही. घट्ट झालेलं टॅपेट गप्प असतं आणि व्हॉल्व्ह जाळतं. वर्षानुवर्षं व्हॉल्व्ह सीटमध्ये थोडाथोडा खाली बसत जातो, तसतसा वरचा गॅप कमी होत होत शून्यावर येतो, मग व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. कॉम्प्रेशन निसटतं, आणि एक्झॉस्टचा असेल तर त्याला थंड व्हायला सीटला टेकायचा वेळही मिळत नाही. वेळेत सापडलं तर नुसत्या स्क्रूनं काम होतं, उशीर झाला तर व्हॉल्व्ह करपतो आणि हेड उतरवावंच लागतं.

सेटिंग थंड इंजिनवरच करायचं, रात्रभर उभी राहिलेल्या. कव्हर काढा, प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरतं, चौथा गिअर टाकून गाडी ढकलत फिरवा किंवा क्रँकच्या पुलीला पाना लावून. पहिल्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आला की त्याचे दोन्ही, मग तिसऱ्याचे, मग दुसऱ्याचे, फायरिंग ऑर्डर १-३-२ आहे. गॅप थंड इंजिनला ०.१५ मिमीच्या आसपास, फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पत्ती) किंचित अडकत सरकली पाहिजे. चेक नट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळल्यावर परत गेज घालून बघायचंच. कानानं सेट करणारे मिस्त्री असतात, त्यांना हात जोडून सांगा की गेजनंच करा.

रत्नांग्री

मी रत्नागिरीचा, माझी २००३ ची. इंजिनावर एवढी चर्चा चालली आहे पण आमच्याकडे ८०० इंजिनाने मरत नाही, गंजाने मरते. पत्रा शाबूत आहे असं लिहिलंत तर जरा खाली बघा, वरून रंग चांगला असतो. मॅटिंग उचलून चालकाच्या पायाखालचा पत्रा बोटाने दाबा, बॅटरीच्या ट्रेखाली बघा, डिकीतलं स्टेपनीचं खळगं, मागच्या चाकांच्या कमानी, आणि दरवाजांच्या खालची कड. दरवाजाच्या खाली पाणी निथळायला बारीक भोकं असतात ती मातीने बुजतात आणि दरवाजा आतून सडतो, पावसाळ्याआधी तारेने मोकळी करायची, फुकटचं काम आहे.

गंजलेल्या जागी नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग मारणारे खूप आहेत. तसं करू देऊ नका, दोन पावसाळ्यांत फुगून वर येतं. सडलेला तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करून, प्राइमर मारून मगच. फ्लोअरचं काम केलंत तर खालून अंडरकोटिंग, पण आधी पूर्ण सुकवून, नाहीतर ओल आतच बंद होते.

आणि चिपळूणला येता-जाता स्वस्तात जुनी गाडी कोणी देत असेल पार्टससाठी, तर २२ जुलै २०२१ च्या पुरातली आहे का विचारा. त्या पाण्यात बुडालेल्या गाड्यांचे इलेक्ट्रिकचे भाग घेऊ नका, वायरिंगच्या सॉकेटमध्ये आत हिरवा थर असतो.

मीरा_ठाणे

पार्ट्सचं नक्की कसं करता तुम्ही सगळे? मला भीती वाटत होती की बंद झालेल्या गाडीचं काही मिळणार नाही, पण अजून तरी काही अडलं नाही.

पुणेरी_पाना

कार्ब्युरेटरवालीचं इंजिन आणि ओम्नीचं एकाच घराण्यातलं आहे आणि ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती. म्हणून इंजिनाचं मिळतं. अवघड जातं ते डॅशबोर्ड, दरवाजाचे रबर, हँडल, काचेची मशीन, असलं जे फक्त ८०० चंच आहे. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडला फिरलं की जुनं-नवं सापडतं. जिथे जीव अवलंबून आहे ते मात्र, म्हणजे ब्रेक शू, व्हील सिलेंडर, बॉल जॉइंट, स्टिअरिंगचे टाय रॉड एंड, कंपनीचेच घ्या, खोक्यावरचा होलोग्राम बघून. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, तेही पाणी ओढतं, आणि मागचे व्हील सिलेंडर आतून गंजतात ते त्यामुळेच.

कराडकर_९७

मंडळी, काम झालं, सविस्तर लिहितो म्हणजे पुढं कुणाला उपयोग होईल.

बुडबुडे नव्हते. टॅपेट कव्हर काढलं, तिसऱ्याच्या एक्झॉस्टला सगळ्यात पातळ पत्तीसुद्धा जाईना, गॅप शून्य. बाकीचे थोडे थोडे घट्ट होते. गेजनं सगळे सेट केले, गाडी काही दिवस चालवून परत कॉम्प्रेशन घेतलं, तिसरा १४० आला. डिस्ट्रिब्युटरची ॲडव्हान्सची डबी फाटलेलीच निघाली, ती, पॉइंट, कंडेन्सर आणि कॅप बदलली. ओ-रिंग आणि कव्हरचं पॅकिंग नवीन, खाली गळायचं थांबलं. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या बदलल्या, परतीची नळी दाबली तर वाकवल्या जागी चिरत होती. कार्ब्युरेटरचं किट घालून ट्यूनिंग केलं.

तापायचं कारण वेगळंच सापडलं, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) कुणीतरी कधीतरी काढून टाकलेला आणि पंख्याला डॅशवर वेगळं बटण लावलेलं, आत नुसतं नळाचं पाणी. मिस्त्री म्हणाला रेडिएटर साफ करून घेऊ. अजून घाटात नेली नाही पण गावात स्लोला आता स्टिअरिंग थरथरत नाही आणि पिकअप जाणवण्याइतका सुधारलाय. सगळं धरून बोअर पिस्टनच्या सांगितलेल्या आकड्याच्या चौथा हिस्सापण खर्च झाला नाही. थर्मोस्टॅट परत घालायचा का? मिस्त्री नको म्हणतोय, अडकला तर गाडी तापेल म्हणतो.

उद्यमनगरी

१४० आलाय म्हणजे व्हॉल्व्ह अजून करपलेला नाही, वेळेत सापडला. पुढं वर्षातून एकदा तरी गॅप बघत जा, तिसऱ्याचा एक्झॉस्ट परत घट्ट होत असेल तर सीट खाली चाललंय, मग सवडीनं हेडचं काम करायचं, तेव्हा व्हॉल्व्ह सीलही त्यातच होतील. तोवर सकाळचा थोडा धूर असू दे, दर पेट्रोल भरताना ऑइलची पट्टी बघत जा.

थर्मोस्टॅट घालाच. तो नसला की गावातल्या छोट्या चकरांत इंजिन नीट गरमच होत नाही, थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि बोअर झिजतं ते त्यानं. घाटात तापायला थर्मोस्टॅट नसण्याचा काही फायदा नाही, तिथं रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो त्यावर सगळं आहे, आणि तुमचा नळाच्या पाण्याच्या क्षारानं भरलेला असणार. बसवायच्या आधी भांड्यात पाणी उकळून त्यात थर्मोस्टॅट सोडा, उघडतो का डोळ्यांनी बघा, म्हणजे मिस्त्रीची शंकाही जाईल.

रेडिएटरचं टोपणही नवीन घ्या. ते कुकरच्या शिट्टीसारखं दाब धरून ठेवतं म्हणून पाणी शंभरलाही उकळत नाही, त्याचं रबर गेलं की घाटाच्या माथ्यावर पाणी उकळून बाहेर आणि काटा वर. पंख्याचा थर्मो स्विच नवीन घालून मूळ वायरिंग परत जोडून घ्या, बटण चालू करायचं एखाद्या दिवशी राहून गेलं तर हेड वाकतं. आणि कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळूनच.

कराडकर_९७

केलं काका, सगळं तसंच. उकळत्या पाण्यात थर्मोस्टॅट मिस्त्रीसमोरच उघडून दाखवला, त्यानंच बसवून दिला. काल कुंभार्ली चढून आलो, एकटाच होतो, जिथं दुसरा टाकावा लागत होता तिथं तिसऱ्यावर गेली, पोफळीपासून वरपर्यंत काटा अर्ध्याच्या खाली, पंखा दोनदा आपोआप चालू होऊन बंद झाल्याचं ऐकू आलं. आता रत्नांग्रींनी सांगितलेली मॅटिंग उचलून बघितली, चालकाच्या बाजूला तळहाताएवढा पत्रा मऊ लागतोय. कराड-सातारा पट्ट्यात लांबी न भरता पत्रा कापून वेल्ड करणारा टिंकर कुणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.